आठव्यात हलवत नाहीत

मार्गशीर्ष शु. ५

—आणि दुसरे पोते माळ्याच्या तोंडाशी अडकले. मी वरून ओढतो, खालून हमाल रेटतो, आक्का अंगणातून ओरडते, "अरे विसू, शिवण बघ, शिवण!" तोवर शिवण उसवली. तूरडाळ शिडीच्या पायऱ्यापायऱ्यांवरून खाली. हमाल हसत निघून गेला. आम्ही दोघे भावंडे जमिनीवर वाकून दिवेलागणीपर्यंत डाळ वेचत होतो. आक्का वेचता वेचता म्हणाली, "यमूची आई असती तर पोतं खालीच रिकामं करून डबे वर चढवले असते." खरे आहे. घरात बाई म्हणून आक्काच, आणि तिलाही या घरात येऊन वर्षे झाली तरी ती अजून पाहुण्यासारखी बोलते.

माळा निम्मा भरला. डाळ, गूळ, मीठ आले. घासलेटचे डबे मागच्या पडवीत. जुना तांदूळ यायचा आहे.

मुंबईचा गाठीचा ताप उतरत नाही. मांडवीकडून सरकत चालला आहे म्हणतात. इथे कल्याणात अजून नाही. माझ्या यमूचे सासर तिथेच, गिरगावात. तिला सातवा लागला. पहिलटकरीण.

मार्गशीर्ष शु. ८

शाळा सुटल्यावर देवजी वाण्याकडे. हिंग, सुंठ, ओवा, बाळंतशेपा, खारीक, डिंक. वाटेत घोकत गेलो, तरी हळीव विसरलो. देवजी म्हणाला, "मास्तर, घरात बाई नाही आणि बाळंतशेपा?" दुकानातली माणसे हसली. मीही हसलो. सांगितले, मुलगी येणार आहे बाळंतपणाला. "मुंबईहून?" त्याने विचारले. हसणे थांबले. 

मग तोलता तोलता, मान वर न करता: "गंधक नेऊन ठेवा. पुढच्या खेपेला असेल की नाही, सांगत नाही."

गंधक आणला, धुरी द्यायला. कापूरही.

शेजारी विचारतात, मास्तर दुकान काढणार काय. उद्यापासून सामान मागच्या दाराने आणावे.

मार्गशीर्ष शु. ११

यमूला कधी आणायचे यावरून आक्काशी बोलणे. मी म्हटले, येत्या रविवारी जातो. आक्का म्हणाली, "आणशील, आणि घालशील काय? नवा तांदूळ? बाळंतिणीला नवा चालत नाही, वातूळ. अंगावर पिणाऱ्याचं पोट धरतं." जुना तांदूळ मानपाड्याच्या हिरूकडे आहे. पौर्णिमेला आणून देतो म्हणाला आहे. तांदूळ आला की आण, असे ठरले.

मलाही ते पटते. माझा बेत असा: घर एकदा भरायचे. मग यमूला आणायचे. ती आत आली की दार लावून घ्यायचे. बाजार नाही, देऊळ नाही, कोणाकडे जाणे नाही, कोणाला घेणे नाही. शाळेला रजा टाकीन. ताप गावात आला तर दारावरून जाईल.

आधी घर, मग माणूस. उलटे केले तर सामानासाठी रोज बाहेर पडावे लागेल, आणि बाहेरचे घरात येईल.

मार्गशीर्ष पौर्णिमा

हिरू आला नाही.

बाळंतिणीची खोली सारवून झाली. मधल्या घराच्या डाव्या हाताची. आक्काने खिडकीला आतून गोणपाट ठोकायला लावले, वारा लागतो म्हणून. बाज आत नेली. शेगडी नेली. गोवऱ्या भिंतीशी छातीएवढ्या रचल्या. आक्का म्हणाली, "दार लावून बघ, फट राहिली का." आत उभा राहून दार लावले. फट नव्हती. आपला हात आपल्याला दिसेना.

यमू याच खोलीत झाली.

मार्गशीर्ष व. ४

मानपाड्याला चालत गेलो. झोडणी चालू. खळ्यावर सगळे गाव. हिरू पेंढ्याच्या धुळीत उभा. मला पाहून: "मास्तर! येवऱ्या उन्हाचं? अवं, बैल कंचं मोकलं हायेत? झोरनी व्हऊ द्या. तुमचं तांदूल काय पलून जातान?"

म्हटले, निकड आहे.

"मंग नवा न्या."

"नवा चालत नाही."

"आमच्या बाया नवाच खातान. पोरां व्हतानच ना!" खळ्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्याची बायको म्हणाली, "नको त्या मास्तराची मस्करी करू. त्याची पोरगी हाय ती." हिरूने आठवड्याने गाडी पाठवण्याचे कबूल केले. ताक दिले. प्यालो.

परत येताना डोंबिवलीच्या टेशनाजवळ मुंबईची गाडी थांबली होती. लोक वळकट्या, पिंप, पाटा-वरवंटा घेऊन उतरत होते. एका म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून खाली घेतले. कोणाला कोठे जायचे आहे ते ठाऊक नसल्यासारखे सगळे फलाटावर उभे.

रविवारी गेलो असतो तर

मार्गशीर्ष व. ९

तांदूळ आला. हिरू स्वतः गाडीबरोबर. चांगला आहे. जुना, पिवळसर, वास नाही, कीड नाही. माळा भरला. आक्काने वर जाऊन स्वतः बघितले, खाली आली, म्हणाली, "झालं. आता आण."

व्याह्यांना लगेच पत्र टाकले. मुलीचा बाप अचानक दारात उभा राहू शकत नाही. आधी विचारायचे, त्यांनी पाठवतो म्हणायचे, मग जायचे.

मार्गशीर्ष व. १३

उत्तर आले. व्याह्यांचे अक्षर नेहमीसारखे देखणे. सर्व कुशल आहे. विहीणबाईंच्या मोजणीने आठवा लागला. आठव्यात हलवत नाहीत हे आपण जाणताच. त्यावर पौष येतो. नवव्यात, माघात, आनंदाने पाठवू.

आक्काला वाचून दाखवले. तिने बोटांच्या पेरांवर मोजले. पुन्हा मोजले. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. 

घर भरले आहे. कोठे पाय ठेवायला जागा नाही.

पौष शु. २

गावात मुंबईची माणसे जिकडेतिकडे. धर्मशाळा भरली. गोठे भाड्याने गेले. गुरे बाहेर दवात. शाळेत पोरे कमी. काही पळाली, काहींच्या घरी पाहुणे.

टेशनाजवळ एक गाडीवान गाडी हाकता हाकता पडला. दारू प्यालेला होता, असे सगळे म्हणतात. फार घाईने म्हणतात.

विहिरीच्या काठी मेलेला उंदीर. तीन-चार बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. कोणी उंदीर हा शब्द काढला नाही. एकीने पायाने झुडपात लोटला, आणि सगळ्यांनी पाणी भरले. आक्का रिकामी घागर घेऊन परत आली.

पौष शु. ५

सकाळी दाराशी दोन बैलगाड्या. पहिलीतून व्याही उतरले. मागून त्यांची वृद्ध आई, दोघांनी धरून. दुसरीतून विहीणबाई, त्यांच्या दोन मुली, ट्रंका, देवांचा संपुष्ट, पोपटाचा पिंजरा. मी अनवाणी दुसऱ्या गाडीमागे गेलो. गाडी रिकामी होत होत रिकामी झाली. यमू नव्हती.

व्याही म्हणाले, "आठवा महिना ना, नानासाहेब. आणि गोविंदाला हापिसातून सोडत नाहीत. त्याच्या जेवणाखाणाला कोणी हवंच."

विहीणबाई म्हणाल्या, "आम्ही म्हटलं, परक्याच्या दारी कशाला? हक्काचं घर आहे कल्याणात. खरं ना?"

"खरं," मी म्हटले.

पाय धुवायला ऊन पाणी दिले. मुलीचा बाप. आक्काने तांदूळ काढले. माळ्यावर चढताना शिडीवर थोडी थांबली, मग चढली.

पौष शु. ७

व्याही मंडळी आहेत, तेव्हा सगळे रीतीने. पाटरांगोळी, दोन भाज्या, साजूक तूप. तूप तिच्यासाठी होते. विहीणबाईंनी माळा पाहिला. "अगबाई, कोठारच भरून ठेवलंत की! आम्ही येणार हे कसं कळलं बाई तुम्हाला?" हसल्या. वाईट बाई नाहीत. रात्री झोप नाही म्हणतात. गिरगावात मागच्या गल्लीत रोज रडणे ऐकू येई, इथे शांत वाटते.

त्यांच्या सासूबाईंना बाळंतिणीची खोली दिली. उबदार आहे. दार लावून, शेगडी पेटवून झोपतात. गोवऱ्यांची रास कमरेएवढी झाली.

दार लावून घेण्याचा माझा बेत. दार सारखे उघडे. पोपट ओरडतो. माणसे भेटायला येतात, मुंबईची खबर विचारतात, ओसरीवर पान खातात.

संक्रांत

विहीणबाईंनी हातावर तिळगूळ ठेवला. "गोड बोला, नानासाहेब." गोडच बोललो. म्हटले, सर्वांची आज्ञा असेल तर यमूला घेऊन येतो. व्याही म्हणाले, त्यांना विचारा. विहीणबाई म्हणाल्या, "पहिलटकरीण. आठवा. वर पौष. हलवलं आणि वाटेत काही झालं, तर मी तोंड कुणाला दाखवू?"

आणि तिथे काही झाले तर?

हे मी बोललो नाही. इथे लिहितो.

व्याही जरा वेळाने ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसले.  पानाचा डबा पुढे केला.  त्यांचाही मुलगा तिथेच आहे.

पौष पौर्णिमा

जावई गोविंदरावांचे कार्ड, त्यांच्या वडिलांच्या नावे. आम्ही उभयता कुशल. बिऱ्हाडे बरीच रिकामी झाली. तळमजल्याच्या दोन खोल्यांना सरकारी कुलूप. पाणी भरणारा गडी गेला, त्यामुळे सौ. स्वतः खाली जाऊन भरते. काळजी नसावी.

व्याह्यांनी मोठ्याने वाचले. विहीणबाई म्हणाल्या, "चालतं-फिरतं असलेलं बरं या दिवसांत. बाळंतपण सोपं जातं."  

पौष व. ३

विहीणबाईंचे गुडघे दुखतात. आक्का डिंकाचे लाडू वळत होती. मी चुलीशी बसलो होतो. तिने परात पुढे सरकवली. आवाज खाली न आणता बोलली.

"विसू, जा. आण तिला."

"आक्का, आठवा आहे."

"मोजलाय मी. मला मोजता येतं. जा तू."

"विहीणबाईंना काय—"

"त्यांचं मी बघते. काही झालंच तर पाप माझ्या माथी. माझ्या माथ्यावर आहे काय नाहीतरी!" असे म्हणून तिने डोईवरचा लाल पदर पुढे ओढला आणि एकदम हसली. तिला हसताना मी किती वर्षांत पाहिले नव्हते. ती अकराव्या वर्षी विधवा झाली. रीत कोणी मोडली तर घर डोक्यावर घेणारी तीच. तांदळासाठी थांब म्हणाली तीही तीच. 

दारात विहीणबाई उभ्या होत्या. सगळे ऐकले होते. शांतपणे म्हणाल्या, "तुमची मुलगी आहे. जरूर आणा. पण हलवून काही झालं, तर तिला परत आमच्याकडे धाडू नका."

आक्का लाडू वळत राहिली.

पौष व. ४

पहाटेच्या गाडीने मुंबईस. गाडी रिकामी. माझ्या डब्यात मी आणि एक मिशनरी.

बोरीबंदरावरून पायी. दुकाने बंद. रस्ते धुतलेले, कार्बोलिकचा वास. घरांच्या भिंतींवर सरकारी माणसांनी काढलेल्या तांबड्या खुणा, मेलेल्या माणसामागे एक. मोजायच्या नाहीत असे ठरवले. एका चाळीसमोर गाद्या जळत होत्या, जवळ कोणी नव्हते.

यमू जिन्यात भेटली. कळशी कडेवर. मला पाहून कळशी तिथेच पायरीवर ठेवली. पोट मोठे, चेहरा एवढासा. "नाना, तुम्ही? पौषात?" म्हणाली. नंतर, "सासूबाईंना डिंक सोसला का?" मी म्हटले, सोसला. "मग माझा संपला असणार," आणि हसली.

गोविंदराव हापिसातून आले. हडकले आहेत. सगळे सांगितले, त्यांच्या आईचे शब्दही.  "न्या," म्हणाले. "आपण न्या, नाना. मी सुटलो की येतो." मग तिची ट्रंक स्वतः बांधायला बसले.

घसा कोरडा पडला होता. य.ने पाणी आणले. पुढे केले आणि मागे घेतले. मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचे पाणी घेत नाही. लग्न झाल्यापासून कधी घेतले नव्हते.

घेतले. सगळा तांब्या प्यालो. ती बघत राहिली.

पौष व. ५

(शिसपेनीने लिहितो. दौत नाही.)

सकाळच्या गाडीने निघालो. ती बायकांच्या डब्यात. ठाण्याला उतरून तिच्या खिडकीशी गेलो. म्हणाली, "बरी आहे. जरा गरम होतंय." गर्दी होती. मला वाटले, गर्दीने.

कल्याणला सगळ्यांना उतरवले. फलाटावर दोर बांधलेला. पुरुष एकीकडे. बायका कनातीच्या आड, तिथे बाईडॉक्टर. मला हात वर करायला लावले, काखा दाबल्या, मानेखाली दाबले, जा म्हणाले. मी कनातीजवळ उभा. एकेक बाई डोक्यावरून पदर घेत, खाली बघत बाहेर पडे. य. आली नाही. मग शिपाई आला. "तुमची कोण? ताप आहे."

"गाठ?"

"गाठ नाय. ताप हाय. कोरंटीन."

मी म्हटले, माझे घर इथे, या गावात, हाकेच्या अंतरावर. सगळी व्यवस्था केलेली आहे. खोली आहे. त्याने ऐकून घेतले. चांगला माणूस होता. म्हणाला, "सगळे हेच सांगतात, मास्तर."

तिच्याबरोबर आत येऊ दिले. आत येणाऱ्याला मनाई नाही.

टेशनापलीकडच्या माळावर चटयांच्या झोपड्या, ओळीने. तारांचे कुंपण. आमची ओळीच्या टोकाला. जमीन ओली. एक बाज मिळाली, तिच्यावर य. पाणी मधल्या पिंपातून, सगळ्यांना एकच.

मुद्दाम बसून पाहिले. इथून गाव दिसते. आपल्या आळीतला वड दिसतो.

पौष व. ६

ताप तसाच. गाठ नाही. बाईडॉक्टर सकाळच्या गाडीने येते, बघते, पुढच्या गाडीने जाते. "बघू," म्हणते.

य. तापातही बोलते. "नाना, तुम्हाला भात करता येतो?" मी म्हटले, बघ कसा येतो तो. सरकारी तांदूळ, जाडा, नवा. खाली लागला. तिने खाल्ला. "आत्याला सांगू नका," म्हणाली. "नवा आहे म्हणून नाही. करपला म्हणून."

शेजारच्या झोपडीतला माणूस काल खोकत होता. आज झोपडीपुढे चुना टाकलेला.

पौष व. ७

दुपारी कुंपणापलीकडे हिरू. मीठ न्यायला गावात आलेला. गाडी लांब उभी करून आला, तारेपासून हात राखून उभा राहिला.

"मास्तर, तुमचं पावनं गेलं. दोन गाऱ्या भरून. आजीबाय पन, पोपट पन."

"कुठं?"

"नाशकाला म्हनं. पोरीला धरलं त्ये कललं, लगीच गाऱ्या बोलवल्या. ते बुवा रडत व्हते."

"आणि आक्का?"

"दारात बसलीय. म्या आवाज दिला तं म्हनाली, कंच्या झोपडीत हाय ता सांग."

म्हटले, सांगू नकोस. तिला सांग, येऊ नको. इथे आत आले की मुदत भरेपर्यंत बाहेर सोडत नाहीत. शिवाय इथे सगळ्यांचे एक पिंप, एक ओळ, कोणाची जात कोणती याचा विचार नाही. तिने आपल्या हाताशिवाय दुसऱ्याच्या हातचे पाणी जन्मात घेतले नाही. साठी उलटली. तिला हे सोसणार नाही. सांग, मी आहे.

"सांगतो," हिरू म्हणाला. जाता जाता वळून: "पन मास्तर, ती माजं आयकंल असं वाटतं तुमाला?"

व्याही रडत होते. गाड्या इकडूनच गेल्या असतील, टेशनाच्या रस्त्याने. मी पाहिल्या नाहीत.

पौष व. ८

ताप किंचित कमी. मग दुपारपासून कंबर दुखते म्हणते. बाज अरुंद आहे, म्हणून असेल असे दोघेही म्हणालो. दिवस उतरताना पुन्हा. थांबून थांबून. आता ती ओठ दाबून धरते आणि माझ्याकडे बघत नाही.

पहारेकऱ्याकडे गेलो. सुईण? नाही. बाईडॉक्टर? सकाळी. गावात माणूस पाठवता? आमचा माणूस गावात जात नाही. टोकाच्या झोपडीतली एक म्हातारी म्हणाली, मी येते, पण माझ्या अंगात ताप आहे. तिला नको म्हटले. पाणी तापत ठेवले. दुसरे काय करायचे ते मला ठाऊक नाही. शाळेत बत्तीस वर्षे शिकवले.

य. म्हणाली, "आठवा संपायला किती राहिला, नाना?"

म्हटले, थोडा.

"मग थांबायला सांगते त्याला." हसायला गेली, कळ आली. माझे मनगट धरले. नखे

पौष व. ९, सकाळ

उजाडता उजाडता आक्का फाटकाशी आली. पहारेकऱ्याने सांगितले, आत गेलात तर बाहेर येता येणार नाही. ती म्हणाली, "सरक बाजूला." मधल्या पिंपाशी थांबून तिथल्या माणसाकडून पाणी मागून घेतले, हातपाय धुतले, ओंजळभर प्याली. कोणती झोपडी ते विचारावे लागले नाही, य.चा आवाज येत होता. आत जाऊन तिने दाराची चटई ओढून घेतली. मला बाहेर बसायला सांगितले.

बाईडॉक्टरची गाडी अजून आलेली नाही. मी बाहेर बसलो आहे.